मूळव्याधच असेल, असे म्हणून थांबू नका

आपल्या घरांत दुखण्यांची चर्चा मोकळेपणाने होते. कुणाची शुगर किती आली, कुणाची बीपीची गोळी बदलली, कुणाच्या गुडघ्याला कोणते तेल लागू पडले, हे दस्तरखानावर बसल्या बसल्या सगळ्यांना कळते. शौचावाटे रक्त पडते ही गोष्ट मात्र नवरा बायकोला सांगत नाही आणि आई मुलीला सांगत नाही. सांगितलीच तर उत्तर ठरलेले असते: "मूळव्याध असेल, तिखट कमी कर."

बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच होते. रक्ताकडे नुसते पाहून दोन्हींतला फरक रुग्णाला कळत नाही, आणि तपासल्याशिवाय डॉक्टरलाही कळत नाही. हा आजार लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार मोठी असते. तो उशिरा सापडतो त्याची कारणे अनेक आहेत, पण आपल्या हातातले कारण एकच आहे, ते म्हणजे शरम. म्हणून या महिन्यात आपण या विषयावर थोडे उघडपणे बोलू या.

वेळ कुठे जातो?

चित्र बहुधा असे असते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा घरातला कमावता माणूस. रक्त दिसले की आधी मेडिकलमधून मलम येते. मग "मूळव्याध गॅरंटीने बरी" असा बोर्ड लावलेल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतले जाते. मग कुणीतरी काढा सांगतो. रक्त मध्येच थांबते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. सहा-आठ महिने असेच जातात. वजन उतरते, चेहरा पांढुरका पडतो आणि पोट साफ झाल्यासारखे वाटतच नाही. शेवटी मोठ्या रुग्णालयात डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासतात आणि आत गाठ लागते. दोन मिनिटांची ही तपासणी पहिल्या दिवशीच करता आली असती. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी बोटालाच लागतात.

जगभरात २०२२ या एका वर्षात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. पाश्चात्य देशांच्या मानाने भारतात याचे प्रमाण कमी आहे. पण आपल्याकडचे रुग्ण तुलनेने तरुण असतात, त्यांच्यात गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा असतो, आणि बरेच जण आजार पुढे गेल्यावरच येतात. "हा म्हाताऱ्यांचा आजार" ही समजूत आता सोडावी लागेल. 'ब्लॅक पँथर' चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच आजाराने गेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.

कोंब ते कर्करोग

आपले मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावर वयानुसार लहान लहान कोंब उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काही मात्र हळूहळू वाढतात आणि त्यांतला एखादा कर्करोगात बदलतो. या बदलाला साधारण दहा वर्षे लागतात. एवढा लांब अवधी थोड्याच कर्करोगांत मिळतो. या काळात दुर्बिणीतून पॉलिप दिसला तर त्याच वेळी तो काढून टाकता येतो आणि कर्करोग होण्याआधीच टळतो.

अमेरिकेतील नोंदींनुसार, आजार आतड्यापुरता असताना सापडला तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तोच यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर सापडला तर हे प्रमाण दहात एक ते दीड इतके खाली येते.

या खुणा लक्षात ठेवा

इस्तिंजाच्या वेळी किंवा भांड्यात रक्त दिसणे. शौच काळे, डांबरासारखे होणे. पोटाची नेहमीची सवय बदलणे, म्हणजे कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, आणि हे तीन-चार आठवड्यांहून जास्त चालणे. पुन्हा पुन्हा संडासला जावेसे वाटणे आणि जाऊनही पोट साफ न होणे. शौच नेहमीपेक्षा बारीक होणे. कारण नसताना वजन घटणे. पोटात सतत मुरडा किंवा गोळा जाणवणे.

आणखी एक खूण घराघरांत दुर्लक्षिली जाते. ती म्हणजे रक्त कमी होणे. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे थोडे रक्त गाळत राहते. माणूस थकतो, जिना चढताना धाप लागते, हिमोग्लोबिन उतरते. पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत, लोह कमी झाल्याने रक्त घटले असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कुठून जाते हे शोधण्यासाठी पोटाची तपासणी व्हायलाच हवी. आपल्या अम्मी-खालांच्या बाबतीत "अशक्तपणा आहे, बीट खा" एवढ्यावर विषय संपवू नका.

आणि खुणा दिसल्या त्या रमजानमध्ये असोत, इफ्तारच्या तळणीचे निमित्त असो की बकरीदच्या गोश्तचे, सण संपल्यावर दोन-तीन आठवड्यांतही त्या गेल्या नाहीत तर निमित्त पुरे झाले असे समजून डॉक्टरांकडे जा. रक्त दिसले असेल तर तेवढेही थांबू नका.

त्रास नसतानाची तपासणी

काहीच त्रास नसलेल्या माणसाने आजार शोधण्यासाठी करायच्या तपासणीला स्क्रीनिंग म्हणतात. यासाठी दोन मुख्य चाचण्या आहेत.

पहिली 'फिट'. शौचाचा अगदी छोटा नमुना घरीच एका नळीत घेऊन लॅबमध्ये द्यायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारे मानवी रक्त आहे का, हे कळते. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही की पथ्य पाळावे लागत नाही. ती वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करायची असते. 'फिट' पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. पण मग कोलोनोस्कोपी टाळता येत नाही. उलट, रक्त डोळ्यांना दिसतच असेल तर 'फिट'मध्ये वेळ घालवू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.

दुसरी कोलोनोस्कोपी. कॅमेरा लावलेली बारीक, लवचीक नळी गुदद्वारातून आत घालून सगळे मोठे आतडे पाहतात. बहुधा गुंगीचे औषध देतात. तपासणी अर्ध्या-पाऊण तासात होते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. खरा कंटाळा आदल्या दिवसाचा असतो. फक्त पातळ पदार्थ घ्यायचे आणि आतडे धुऊन निघेल असे औषध बऱ्याच पाण्यातून प्यायचे. आतडे निर्मळ असेल आणि घराण्यात आजार नसेल, तर पुढची तपासणी साधारणपणे दहा वर्षांनी.

अमेरिकेत पूर्वी पन्नाशीला सुरू होणारी ही तपासणी, तिथल्या शासकीय तज्ज्ञ मंडळाने २०२१ पासून वयाच्या ४५ व्या वर्षी सुरू करायला सांगितली, कारण तरुणांत आजार वाढत होता. आपल्या देशात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणीची योजना आहे. आतड्यासाठी तशी राष्ट्रीय मोहीम नाही. म्हणजे इथे आपल्याला कुणी बोलावणार नाही, आपणच विचारायला हवे. प्रत्येकाने उठून कोलोनोस्कोपी करावी असे आमचे म्हणणे नाही. पंचेचाळिशी ओलांडली की आपल्या डॉक्टरांना "मी फिट चाचणी करून घेऊ का?" एवढे विचारावे. हजला निघण्याआधी आपण शुगर, हृदय, दात सगळे दाखवून घेतो. त्या यादीत हा एक प्रश्न वाढवायला काहीच हरकत नाही.

ज्यांच्या आईला, वडिलांना, भावंडाला किंवा मुलाला हा आजार झाला आहे, त्यांनी मात्र वाट पाहू नये. त्यांची कोलोनोस्कोपी चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू होते. घराण्यात अनेकांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल तर तो आनुवंशिक असू शकतो. डॉक्टरांना दोन पिढ्यांची माहिती द्या. चुलत-मामे नात्यात लग्ने झाली असतील तर तेही सांगा, कारण काही दुर्मीळ प्रकारांत आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तरच आजार होतो.

हया आणि इलाज

"ती तपासणी नको, पडदा राहत नाही," असे आपल्या बायका म्हणतात. पुरुषही म्हणतात, फक्त शब्द वेगळे असतात. हया हा ईमानचा भाग आहे, हे आपण लहानपणापासून शिकतो. पण त्याच दीनमध्ये आजारावर इलाज करून घेण्याची ताकीद आहे, आणि गरज असेल तेव्हा डॉक्टरसमोर आवश्यक तेवढा भाग उघडण्याची सवलत आलिमांनी दिलेली आहे. बाईने लेडी डॉक्टर मागावी. त्या नसतील तर नर्स किंवा घरातली बाई सोबत ठेवायला सांगावे. हे मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. कोलोनोस्कोपीसाठी मागे छोटी फट असलेली, वापरून टाकायची पँट मिळते. ती घातली की बाकीचे अंग झाकलेले राहते. आधी विचारले तर रुग्णालये तशी सोय करतात.

रमजानचा प्रश्नही येतो. कोलोनोस्कोपीच्या तयारीत लिटरच्या हिशेबाने पाणी प्यावे लागते, त्यामुळे त्या दिवशी रोजा होऊ शकत नाही. साधी तपासणी असेल तर ती शाबानमध्ये किंवा ईदनंतर ठेवावी. डॉक्टरांनी "लगेच करा" म्हटले असेल तर रमजान संपण्याची वाट पाहू नये. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा खुद्द कुरआनने दिली आहे.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला ठाऊक आहे. कलौंजी, मध, जमजम, दुआ, सदका यांतले काहीही सोडायला कोणताही डॉक्टर सांगत नाही. हिजामा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आधीच रक्त कमी असेल किंवा केमो चालू असेल तर तो धोक्याचा ठरू शकतो. आणि यांपैकी कशासाठीही ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नये. "गाठीला सुई लागली की आजार पसरतो" हेही मनातून काढून टाका. बायोप्सीशिवाय आजाराचे नाव ठरत नाही आणि नाव ठरल्याशिवाय योग्य इलाज होत नाही.

उपचार कसे होतात?

बायोप्सीनंतर स्कॅन करून आजार किती पसरला आहे हे पाहतात. मोठ्या आतड्यातली गाठ असेल तर तो तुकडा आणि जवळच्या रसग्रंथी काढून आतड्याची टोके जोडतात. आता हे ऑपरेशन अनेक ठिकाणी दुर्बिणीनेही होते. रसग्रंथींत आजार आढळला तर पुढे तीन ते सहा महिने केमो देतात. गुदाशयाच्या गाठीला बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि केमो देऊन लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. यकृतात मोजके डाग असतील तर तेही काही रुग्णांत काढता येतात, म्हणून "पसरला म्हणजे संपले" असे घरीच ठरवू नये.

केमोतल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाबद्दल एक गोष्ट कामाची आहे. ते चालू असताना थंड वस्तूला हात लावला किंवा थंड पाणी प्याले की बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात, टोचल्यासारखे होते. रुग्णाला फजरच्या वुजूसाठी पाणी कोमट करून द्या आणि फ्रिजमधल्या वस्तू काढायला लावू नका.

पोटावरची पिशवी आणि नमाज

ऑपरेशनच्या नावाने माणूस सर्वांत जास्त घाबरतो तो पिशवीला. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर शौचाचा मार्ग पोटावर काढून तिथे पिशवी लावावी लागते. याला स्टोमा म्हणतात. बऱ्याच रुग्णांत ती तात्पुरती असते आणि आतले जोड भरल्यावर काही महिन्यांनी बंद करतात. काहींना ती कायमची असते. गाठ लवकर, लहान असतानाच सापडली तर कायमची पिशवी टळण्याची शक्यता वाढते. लपवाछपवीची ही किंमतही लक्षात घ्या.

आपल्यातला रुग्ण मात्र वेगळ्याच विचाराने खचतो: "आता माझी तहारत कशी राहणार, मी मशिदीत कसा जाणार?" या भीतीने ऑपरेशनच नाकारणारेही असतात. त्यांना हे सांगायला हवे की फिक्हमध्ये अशा माणसासाठी 'माजूर'चा हुकूम आहे. ज्याला शौच किंवा लघवी रोखता येत नाही, त्याने नमाजची वेळ झाल्यावर वुजू करावा आणि नमाज पढावी. त्या वेळेत पिशवीत काही उतरले तरी त्याची नमाज होते. तपशिलात फरक आहे. हनफी मसलकात एका वेळेचा वुजू त्या वेळेपुरता चालतो, तर आपल्या कोकणातले बहुतेक लोक ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू करावा लागतो. आपल्या आलिमांना नीट विचारून घ्यावे. आजच्या पिशव्या घट्ट बसतात, वास बाहेर येऊ देत नाहीत, कपड्याखाली दिसत नाहीत. त्या लावून माणसे नोकरी करतात, प्रवास करतात, रोजे ठेवतात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आणि इतर मोठ्या रुग्णालयांत पिशवी कशी बदलायची हे शिकवणारे प्रशिक्षित लोक असतात. ऑपरेशनच्या आधीच त्यांना भेटावे आणि पोटावर खूण करताना आपण रुकू-सजदा करतो, लुंगी किंवा पायजमा कुठे बांधतो, हे आवर्जून सांगावे. त्याप्रमाणे जागा निवडता येते.

पोटातले इतर कर्करोग

अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांच्यासाठी आपल्याकडे सर्वांनी करावी अशी तपासणी नाही. तिथे खुणा ओळखणे आणि आधीच काळजी घेणे हाच मार्ग आहे. आधी घट्ट आणि मग पातळ पदार्थही घशाखाली अडकू लागले तर ते अन्ननलिकेचे लक्षण असू शकते. तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी ही त्याची मोठी कारणे आहेत. दारूपासून आपण दूर असू, पण तंबाखूच्या बाबतीत आपल्या मोहल्ल्यांना तसे म्हणता येणार नाही. उकळता चहा तसाच घशात ओतण्याची सवयही चांगली नाही. महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊनही पोट दुखत असेल, भूक मेली असेल, उलटीत रक्त असेल तर जठराची दुर्बीण तपासणी हवी. डोळे पिवळे झाले की "कावीळ उतरवणाऱ्या"कडे जाण्याआधी सोनोग्राफी करा, कारण पित्ताशयाची किंवा स्वादुपिंडाची गाठही कावीळ आणते. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात जास्त आढळतो. तिथून येऊन भिवंडी-मालेगावात स्थायिक झालेल्या घरांनी पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास अंगावर काढू नये. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण असलेल्या हिपॅटायटिस बी या विषाणूवर लस आहे. ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते.

ताटातले थोडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला आतड्याच्या कर्करोगाचे कारण ठरवले, आणि बकरा, म्हैस यांच्या लाल मांसाला संभाव्य कारण म्हटले. पाकिटावर 'हलाल' लिहिले म्हणून नगेट्स आणि सलामी निर्धोक होत नाहीत. गोश्त सोडा असे कुणी म्हणत नाही. तज्ज्ञांचा सल्ला आठवड्याला शिजवलेले साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम, त्याहून जास्त नको, असा आहे. बकरीदला फ्रीजर भरून ठेवण्यापेक्षा वाटप जरा सढळ हाताने करावे. ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, फळे वाढवावीत आणि रोज अर्धा तास चालावे.

पैशाचे काय?

खर्चाच्या भीतीने तपासणीच टाळणारी घरे आहेत. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतात, आणि आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठा. रेशनकार्डावरची नावे आजार येण्याआधीच दुरुस्त करून ठेवा, कारण ऐन वेळी अडते ते तिथेच. गरजू रुग्णाला जकात देता येते. मोहल्ल्याच्या बैतुलमालने केमोच्या दिवसांतल्या प्रवासाचा आणि पिशव्यांचा खर्च उचलला तर ती फार मोठी मदत होईल.

हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला एकदा विचारा: रक्त पडते का, पोटाची सवय बदलली आहे का, वजन उतरले आहे का? विचारताना अवघडल्यासारखे होईल. उत्तर देणाऱ्यालाही होईल. तरी विचारा, आणि उत्तर "हो" आले तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. शिफा देणारा अल्लाह आहे. तो सर्व आजाऱ्यांना बरे करो आणि आपल्याला वेळेत पाऊल उचलण्याची तौफिक देवो. आमीन.